खिशातलं छायागीत

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी बी. कॉम. झालेला माणूस. समीक्षेशी माझा संबंध वर्षातून एकदा येतो. आमच्या बँकेत तिला ऑडिट म्हणतात, आणि त्यात मी समीक्षकाच्या नव्हे, कलाकृतीच्या बाजूला असतो. तरीही आज एका प्रश्नावर चार शब्द लिहायचं धाडस करतो आहे, कारण त्या प्रश्नानं गेली वीस वर्षं आमच्या घरची शांतता मोडली आहे. प्रश्न असा की, खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्रानं चित्रंही दाखवावीत का?

तुम्ही म्हणाल, हे वरातीमागून घोडं झालं. आज शेंबड्या पोराच्या हातातला फोनसुद्धा गाणं वाजवतो, सिनेमा दाखवतो, आणि वेळ पडली तर विजेचं बिलही भरतो. नुसत्या गाण्यांसाठी म्हणून जो आयपॉड निघाला होता, त्याचं उरलेलं शेवटचं मॉडेल बंद करत असल्याचं कंपनीनं २०२२ च्या मे महिन्यात जाहीर करून टाकलं. म्हणजे खटला उभा राहायच्या आत आरोपीच वारला. कबूल. पण आमच्या बँकेत खातेदार वारला म्हणून खातं आपोआप बंद होत नाही. वारस येतात, कागद मागितले जातात, भांडणं होतात. तेव्हा हे खातं मी अजून चालू धरतो.

खातं उघडलं २००६ साली. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो. न्यू जर्सीहून आमचा आतेभाऊ आला आणि त्यानं खिशातून एक पांढरीशुभ्र वडी काढली. तो होता आयपॉड, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात निघालेला, चित्रं दाखवणारा. त्याआधीच्या आयपॉडची ख्याती मला ठाऊक होती. २००१ साली तो आला तेव्हा ‘खिशात हजार गाणी’ एवढाच त्याचा दावा होता, आणि पाच जीबीत हजार गाणी म्हणजे गाण्यामागे पाच एमबी, हा भागाकार मी तोंडी करून पाहिला होता. हिशेब चोख होता. एवढ्या भांडवलावर एवढाच व्यवहार करणारी माणसं मला आवडतात.

आतेभावाच्या वडीत मात्र अडीच इंचांचा पडदा होता. घरातले सात जण त्याच्यावर ओणवे झालो. सर्वांना एकाच वेळी दिसेना, म्हणून आम्ही रांग लावली. रांग लागली की मला बँकेत असल्यासारखं वाटतं आणि माझं डोकं चालू लागतं. मी विचारलं, “बॅटरी किती चालते?”

“गाणी चौदा तास,” तो म्हणाला.

“आणि चित्रं?”

“दोन.”

ते तीस जीबीचं मॉडेल होतं, किंमत दोनशे नव्व्याण्णव डॉलर, आणि हे आकडे खुद्द कंपनीनंच छापलेले होते. वाचकहो, दोन तासांत सिनेमा संपवणं हॉलिवूडला जमतं. आपल्याकडे दोन तासांत हिरोची आई आजारी पडते. ‘लगान’ (२००१) पावणेचार तासांचा. म्हणजे भुवन बॅट घेऊन मैदानात उतरायच्या आत इकडे बॅटरी तंबूत! मी हे बोलून दाखवलं तेव्हा आतेभाऊ म्हणाला, “अरे, यावर सिनेमे कोण बघतं? गाण्यांचे व्हिडिओ बघायचे, मालिकेचा एखादा भाग बघायचा.” तेही खरंच होतं. कंपनीनं मालिकेचा एकेक भाग एक डॉलर नव्व्याण्णव सेंटला विकायला काढला होता आणि वीस दिवसांच्या आत दहा लाख व्हिडिओ खपवले होते. हा आकडा माझ्या बाजूला प्रतिकूल आहे, पण ऑडिटच्या धाकात वाढलेला माणूस आकडे लपवत नाही.

मग मलाही हवंसं झालं. पण कारकुनाच्या पगारात ती अमेरिकन वडी बसेना. म्हणून मुंबईतल्या एका मार्केटातून एका दुकानदाराकडून मी ‘एमपी-फोर’ घेतला. दुकानदार म्हणाला, “साहेब, एमपी-थ्रीच्या पुढचं आहे.” मी भाबडा. थ्रीनंतर फोर म्हणजे बढती, असं समजलो. खरं तर एमपी-थ्रीतला तीन हा ‘लेअर थ्री’मधला तीन. तो क्रमांक गादीवर बसलेल्या राजांसारखा पुढे सरकत नाही. पुढे त्याच दुकानात ‘एमपी-फाइव्ह’ही मिळू लागला, तेव्हा मला दुकानदाराच्या गणिताबद्दल आदर वाटू लागला. या यंत्राचा पडदा एक पूर्णांक आठ दशांश इंच, म्हणजे पासबुकावरच्या फोटोपेक्षा आखूड. त्याबरोबर एक इवलीशी सीडी होती. कुठलाही व्हिडिओ त्याला सरळ पचत नसे. आधी कॉम्प्युटरवर सीडीतल्या सॉफ्टवेअरनं तो बारीक करून, मऊ करून भरवावा लागे, लहान मुलाला वरणभात कुस्करून देतात तसा. एक सिनेमा कुस्करायला आमच्या कॉम्प्युटरला अख्खी रात्र लागली. सकाळी लोकलमध्ये पडदा उजळला, आणि कुस्करलेल्या वरणभातात हिरो कुठला आणि झाड कुठलं, ते ठाण्यापर्यंत कळलं नाही. ठाण्याला झाड बोलायला लागलं, तेव्हा खुलासा झाला.

हा झाला यंत्राचा दोष, तत्त्वाचा नव्हे, असं आमचे हेडकॅशियर म्हणतात. ते तर्काला पक्के आहेत. तेव्हा तत्त्वाकडे वळतो.

वॉकमन कसा जन्मला, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७९ च्या १ जुलैला सोनीनं तो जपानात विकायला काढला, तेहेतीस हजार येनला. त्याचा बाप म्हणजे बातमीदारांसाठीचा एक छोटा टेपरेकॉर्डर, त्याचं नाव प्रेसमन. सोनीच्या इंजिनिअरांनी त्यात फारशी भर घातली नाही. उलट काढून टाकलं. रेकॉर्ड करायची सोय काढली, स्पीकर काढला. कंपनीतलेच शहाणे लोक म्हणाले, जो टेपरेकॉर्डर रेकॉर्डच करत नाही, तो घेणार कोण? पहिली तीस हजार यंत्रं दोनेक महिन्यांत संपली. मला ही गोष्ट फार आवडते. माणसाच्या खिशात संगीत आलं ते वजाबाकीनं आलं. पुढचे सगळे घोळ बेरजेनं झाले.

त्या पहिल्या वॉकमनला कान लावायला दोन भोकं होती, कारण एकट्यानंच ऐकत बसणं हा उद्धटपणा होईल, असं कंपनीचे मोरिता यांना वाटलं होतं. पुढे ती भोकं गेली. उद्धटपणाला बाजारात मागणी होती.

आणि बेरीज करणाऱ्यांनाही आपली बेरीज पटत होती असं नाही. आयपॉडचा धाकटा भाऊ नॅनो, त्याचीच गंमत बघा. २००७ साली त्याला चित्रं दाखवायला शिकवलं. २००९ साली व्हिडिओ काढणारा कॅमेराही बसवला. २०१० साली कॅमेरा काढला आणि चित्रंही काढली. २०१२ साली चित्रं परत आली, कॅमेरा मात्र आला नाही. आमच्या बँकेत एका अधिकाऱ्याची अशीच चार वेळा बदली झाली होती. शेवटी त्यांना आपण कर्ज देतो की वसूल करतो, हेच आठवेना. २०१७ साली नॅनो सेवानिवृत्त झाला. त्याच्याबरोबर शफलही गेला. शफलला मुळात पडदाच नव्हता. खिशात हात घालून अंगठ्यानं कळ दाबली की पुढचं गाणं. त्यानं कधी काही दाखवलं नाही आणि कधी बदलीही मागितली नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. गाणं ही जोडधंद्याची चीज आहे. गाणं ऐकता ऐकता भाजी निवडता येते, दाढी करता येते, कपडे वाळत घालता येतात, लोकलच्या दांडीला लोंबकळता येतं. (कॅश मोजता येत नाही. मी एकदा प्रयत्न केला, त्याची वसुली दोन महिने माझ्या पगारातून झाली.) चित्र मात्र डोळे मागतं, आणि डोळे दिले की हात आपोआप गहाण पडतात. आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की, एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडलेली दुसरी गोष्ट. ऐकण्याची किंमत जवळजवळ शून्य. बघण्याची किंमत उतू गेलेलं दूध. हा आकडा मी घरचा देतो आहे.

माझ्या या मताला आणखी एक खासगी कारण आहे. मूळची नेमणूक गाण्याची आणि वर चित्राचा अधिभार, हे मी रोज स्वतः भोगतो. मी बँकेत लागलो तेव्हा माझं काम पैसे घेणं, पैसे देणं आणि संध्याकाळी टॅली करणं. आता काउंटरवर म्हातारी पेन्शनर आली की तिला पासबुक भरून देता देता मला विम्याबद्दल विचारावं लागतं, म्युच्युअल फंडाबद्दल विचारावं लागतं, गाडीच नसली तरी फास्टॅगबद्दल विचारावं लागतं. माझा पडदा वाढला, बॅटरी तेवढीच आहे. चौदा तासांची दोन तासांवर आली.

चित्राचा आणि गाण्याचा हा तंटा आमच्या घरात मात्र आयपॉडच्याही आधीचा. माझ्या लहानपणी डोंबिवलीच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि मुंबई दूरदर्शनवर छायागीत लागलं की अख्खी चाळ त्या खोलीत जमे. आमचे अण्णाही येत. पण ते टीव्हीकडे पाठ करून बसत! हातात सकाळचाच पेपर. कुणी म्हटलं, “अहो, इकडे बघा ना, काय सुंदर बाग दाखवतायत,” की अण्णा म्हणत, “मी ऐकतोय.” यजमानांना वाटे, यांना आमचा टीव्ही खुपतो. खरं कारण त्यांनी पुढे मला सांगितलं. विविध भारतीवर वीस-पंचवीस वर्षं ऐकलेल्या एका गाण्यात त्यांनी मनात एक नदी घातली होती. छायागीतात त्या गाण्याला एक तंबूची कनात आणि दोन ढोलकीवाले निघाले. “आता ते गाणं लागलं की मला ढोलकीवाले दिसतात,” अण्णा म्हणाले. “नदी परत येत नाही.”

आमच्या आजीचं याहून मोठं नुकसान झालं. पुणे आकाशवाणीनं १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण लावलं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल, एकूण छप्पन्न गीतं. तेव्हा अण्णा सात वर्षांचे. आजीनं रेडिओपुढे उदबत्ती लावून त्यातून आपला एक राम घडवला होता. तो कसा दिसायचा, ते तिनं कधी सांगितलं नाही. बत्तीस वर्षं तिनं तो सांभाळला. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचं रामायण सुरू झालं, आजीनं टीव्हीच्या काचेला हळदकुंकू लावलं, आणि नंतर कधीतरी रेडिओवर गीतरामायण लागलं असता अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाली, “मेला, तो अरुण गोविलच येतोय डोळ्यांपुढे!” अरुण गोविल यांचा यात काही अपराध नाही. ते देखणे होते. पण आजीचाही राम काही कमी देखणा नसणार.

आता दुसरी बाजूही नोंदवतो, नाहीतर जमाखर्च जुळायचा नाही. झाकीर हुसेन यांचा तबला मी कितीतरी वर्षं नुसता ऐकला होता. एकदा आतेभावाच्या त्या वडीवर पाहिला. अडीच इंचांत बोटं दिसत नव्हती, नुसता धुरळा दिसत होता. पण ते धुरळा उडवता उडवता सारंगीवाल्याकडे बघून जे हसले, ते हसू मला तोवर ऐकू आलं नव्हतं. आणि भीमसेनजींचं गाणं ज्यांनी फक्त रेडिओवर ऐकलं, त्यांना त्यांचे हात तानेबरोबर काय काय करतात, हे कळायला १९८८ सालच्या ‘मिले सुर’ची सुरुवात बघावी लागली किंवा सवाई गंधर्वच्या मंडपात बसावं लागलं. तेव्हा गवई दाखवणारं चित्र वेगळं आणि गाण्याला जुंपलेली बाग वेगळी, एवढा फरक मी करतो. सौ. हा फरक मानत नाही. तिचं म्हणणं, “अहो, तुम्हाला कुठलाही नवा पडदा आला की तत्त्व सुचतं, आणि रात्री दोनला क्रिकेटची मॅच असली की ते झोपतं.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिनं फोनवर बघून पैठणीची मोरनक्षी शिकून घेतली आहे, आणि नुसतं ऐकून ती शिकता आली नसती, हेही खरं.

लोकलमधली सध्याची स्थिती तर तुम्ही जाणताच. समोरच्या बाकावरचे तिघेही माना खाली घालून बसलेले, गाणं पंधरा सेकंदांचं आणि त्यात नाचणारा माणूस त्याहून घाईत. एकाच्या कानात बोंडूक नसतं, त्यामुळे त्याची पसंती डब्याला सार्वजनिक होते. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ टाळ कुटत असतं. खिशातलं नव्हे, पण चालतं-फिरतं संगीत म्हणाल तर तेच, आणि त्यात चित्रही असतं. बॅटरी लागत नाही. टाळ मात्र कानाजवळ वाजतो.

हे सगळं मी इतक्या हिरिरीनं मांडायचं कारण निराळंच आहे. अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. तो चोरपावलांनी येतो. कडेनं दिसणं आधी जातं आणि माणसाला वाटतं, दाराची चौकटच मध्ये आली. कळेपर्यंत पुष्कळ गेलं होतं, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली राखायची, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पहिल्याच महिन्यात मी उत्साहानं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. त्यात जगातली सगळी गाणी. पण काचेवर बोटाला लागेल असं काहीच नाही. कळ नाही, खाच नाही, उंचवटा नाही. अण्णा गाणं लावायला जात आणि माझ्या साहेबांना फोन लागे. रात्री अकरा वाजता साहेबांनी अण्णांशी तलत महमूदबद्दल दहा मिनिटं बोलून मला दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं.

शेवटी कारवां आणला. तुम्ही पाहिला असेल. २०१७ साली निघाला, जुन्या ट्रान्झिस्टरच्या अवतारात, पाच हजार गाणी आतच भरलेली, वर अमीन सायानींची गीतमालाही. हाताला लागणाऱ्या कळा, आणि सिनेमा दाखवणारा पडदा नाही. अण्णांनी त्यावरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाले, “हां, हे यंत्र आहे.” मला वाटलं, वीस वर्षांचा माझा दावा त्या क्षणी निकालात निघाला. मी सौ.कडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती कणीक मळत होती.

निकाल लागला, पण अपील झालं. अपील करणारे आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा. संध्याकाळी अण्णा कारवां लावून बसले की हे फोन घेऊन शेजारी बसतात, आणि जे गाणं लागेल त्याचा व्हिडिओ शोधून काढतात. परवा ‘हम दोनो’मधलं (१९६१) ते सिगारेटच्या धुराचं गाणं लागलं. मी आतून ऐकत होतो.

“आजोबा, हा कोण आहे?”

“देव आनंद. काय करतोय तो?”

“काहीच नाही करत. नुसता मान तिरकी करून चालतोय.”

“मग बरोबर आहे. तोच.”

“मागे हिरवी झाडं आहेत.”

“हिरवी?” अण्णा ताठ बसले. “हिरवी कुठून आली? तो पिक्चर काळा-पांढरा आहे!”

चिरंजीव काही माघार घेईनात. झाडं हिरवीच होती. मला आठवलं, २०११ साली तो चित्रपट रंग भरून पुन्हा लावला होता. मी बाहेर जाऊन तसं सांगितलं. अण्णांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर ते. नदीवाला माणूस! पण ते नातवाच्या दिशेला कलंडले आणि म्हणाले, “बरं, हिरवी तर हिरवी. शर्ट कसला आहे?”

तेव्हापासून रोजचा हा कार्यक्रम आहे. कारवां गातो, फोन दाखवतो आणि चिरंजीव वाचून दाखवतात. दोन्ही यंत्रांचा मेळ बसत नाही. कधी गाणं पुढे जातं, कधी चित्र. “आता ती रडतेय,” चिरंजीव सांगतात, तेव्हा कारवांवर सतार वाजत असते. अण्णा म्हणतात, “थांब, अजून रडायचं कडवं आलेलं नाही.” कधी चिरंजीव स्वतःच्या पदरचंही घालतात, असा मला संशय आहे. एका गाण्यात त्यांनी हत्ती आणला होता. ते गाणं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात हत्ती नाही. मी काही बोललो नाही.

काल मध्येच चिरंजीवांचा आवाज थांबला. गाणं चालूच होतं.

“काय रे, थांबलास का?” अण्णांनी विचारलं.

“आजोबा, बॅटरी संपली.”

“कशाची? वाजतंय की.”

“फोनची.”

“मग तू सांग ना पुढचं,” अण्णा म्हणाले. “इतक्यांदा बघितलंस, अजून पाठ नाही झालं?”

चिरंजीवांनी काळ्या काचेकडे एकदा पाहिलं, मग तो फोन उपडा ठेवला आणि म्हणाले, “आता तो पुलावर आलाय.”